रूपांतरी प्रणयकथा

मनुष्यरूप व पशुरूप अशी दोन्ही रूपे धारण करू शकणारी व्यक्ती आणि सामान्य मनुष्य ह्यांच्यातील प्रेम हा ज्याचा मध्यवर्ती विषय असतो, असा लोकप्रिय कथासाहित्यातील एक प्रकार. तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुख्यतः अमेरिकेत आणि इंग्रजी भाषेत आकारास आला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः लघुकादंबरीच्या स्वरूपात, त्याचा मोठा प्रसार झाला. पशुरूपी वर किंवा वधू ह्यांच्या कथा जगातील बहुतेक लोकसमूहांत प्राचीन काळापासून प्रचलित आहेत आणि आधुनिक रूपांतरी प्रणयकथेने आपली सामग्री त्यांतूनच उचललेली आहे. दोहोंतील महत्त्वाचा भेद शेवटात दिसतो. जुन्या कथांतील असे मीलन बहुधा एखाद्या अटीवर अवलंबून असते आणि ती अट मोडताच वियोग घडतो. आधुनिक कथेत मीलन विधिलिखित असते आणि वियोग संभवतच नाही. मीलनाची अशी हमी दिल्यावर जोडीदार निवडण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य नायिकेला कितपत उरते, हा प्रश्न ह्या साहित्यप्रकाराच्या मुळाशी आहे.

संज्ञा व व्याप्ती : इच्छेनुसार रूप पालटणाऱ्यास संस्कृतात ‘कामरूपी’ अशी संज्ञा आहे. हिंदी चित्रपटांमुळे ‘इच्छाधारी’ हा शब्द मराठीतही रुळला आहे. इंग्रजीत अशा पात्रास ‘शेपशिफ्टर’ किंवा नुसते ‘शिफ्टर’ म्हणतात. रक्तपिपासू पिशाचे, देवदूत, भुतेखेते, चेटकिणी इ. अतिमानवी पात्रांच्या प्रेमकथांना मिळून ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ असे नाव असून रूपांतरी प्रणयकथा ही तिची एक प्रमुख शाखा होय. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ह्या लेखकसंघटनेने प्रणयकादंबरीची दोन आवश्यक लक्षणे सांगितली आहेत : प्रेमकथा मध्यवर्ती असणे आणि शेवट भावनिक दृष्ट्या समाधानकारक व आशादायी असणे. ही दोन्ही लक्षणे रूपांतरी प्रणयकथेस लागू पडतात. ह्यामुळेच ती भयकथेहून निराळी ठरते. आधुनिक महानगराच्या पार्श्वभूमीवरील अद्भुत कादंबऱ्यांतही लांडगामाणसे व त्यांची प्रेमप्रकरणे येतात. तथापि त्यांत संकटाचा वा गुन्ह्याचा उलगडा प्रधान असतो आणि प्रेम गौण असते. दोन्ही प्रकारांचे वाचक बऱ्याच प्रमाणात समान असल्यामुळे त्यांच्यातील सीमारेषा नेहमीच स्पष्ट राहत नाही.

भारतीय परंपरा : पुरूरवा व उर्वशी ह्यांची कथा ही मर्त्य पुरुष आणि अमानवी स्त्री ह्यांच्या वियोगाची अतिप्राचीन कथा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९५ वे सूक्त हा त्यांचा संवाद आहे. शतपथ ब्राह्मणात ती कथा सविस्तर आलेली आहे. आपण पुरूरव्यास विवस्त्र पाहता कामा नये, अशी उर्वशीची अट असते. गंधर्व विजेच्या प्रकाशाने ती मोडवितात व उर्वशी अदृश्य होते. पुढे कमळांनी भरलेल्या एका सरोवरात जलपक्ष्यांच्या रूपाने विहार करणाऱ्या अप्सरांमध्ये ती त्याला आढळते. युरोपीय लोककथांतील ‘हंसकन्या’ ह्या कल्पनाबंधाशी ह्या कथेचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सरण्यूने घोडीचे रूप घेऊन पलायन केल्यावर विवस्वानाने अश्वरूपाने तिला गाठले व त्यातून अश्विनीकुमार जन्मले, ही कथा यास्काच्या निरुक्तात आढळते.

महाभारताच्या आदिपर्वातील हिडिंबेची कथा ह्या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. हिडिंबा सुंदर मानवी स्त्रीचे रूप घेऊन भीमापुढे येते. तथापि आपण राक्षसी आहोत आणि पांडवांना मारण्यासाठी भावाने आपल्याला पाठविले आहे, हे ती पहिल्याच भेटीत सांगून टाकते. पुढे ती कुंतीजवळही आपली इच्छा उघडपणे मांडते. पुत्र होईपर्यंतचा सहवास असे त्या संबंधाचे स्वरूप आधीच ठरते आणि घटोत्कचाच्या जन्मानंतर दोघे परस्परांचा निरोप घेतात. येथे रूप पालटलेले असले, तरी फसवणूक नाही. उभयपक्षी जाणतेपणी ठरलेला हा संबंध पुढील काळातील अनेक कथांच्या तुलनेत उठून दिसतो.

पूर्णभद्राने ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या पंचतंत्राच्या पाठात सर्परूपी ब्राह्मणपुत्राची कथा आहे. तिच्यातील वधू दिलेला शब्द मोडू नये म्हणून सर्पाशी विवाह करते. रात्री तो मनुष्यरूप घेतो, तेव्हा त्याचा पिता सर्पदेह जाळून टाकतो आणि मुलगा कायमचा मनुष्य होतो. पशुरूपाचे आवरण नष्ट करून माणूस मिळविणे, हा कल्पनाबंध जगभर आढळतो. नागपंचमीच्या मराठी कहाणीत मात्र मनुष्यरूप घेणारा नाग पती म्हणून येत नाही. ज्या सुनेला माहेर नाही, तिला माहेरी नेणारा आप्त म्हणून तो येतो. सासुरवाशिणीची उणीव भरून काढणारा हा नाग, रूपांतराची कल्पना एखाद्या समाजाच्या भावजीवनानुसार कशी वळण घेते, ह्याचे उत्तम उदाहरण होय.

इतर लोकपरंपरा : जपानमधील निहोन र्योइकी ह्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या बौद्ध कथासंग्रहात कोल्हीण पत्नीची कथा आली आहे. कुझुनोहा ह्या कोल्हिणीची कथा तेथे अधिक प्रसिद्ध आहे. तिचे खरे रूप उघड होताच ती पती व पुत्र ह्यांना सोडून अरण्यात परतते. चिनी लेखक पू सुंगलिंग (१६४०–१७१५) ह्याच्या अद्भुत कथांत कोल्ह्यांचे आत्मे सुंदर स्त्रियांच्या रूपाने विद्यार्थ्यांवर प्रेम करतात. हा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १७६६ मध्ये छापला गेला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी व शेटलंड बेटांवर ‘सेल्की’ म्हणजे सीलरूपी स्त्रियांच्या कथा सांगितल्या जातात. कोळी तिचे सीलचे कातडे लपवितो आणि तिच्याशी संसार थाटतो. अनेक वर्षांनी ते कातडे हाती लागताच ती मुलाबाळांना टाकून समुद्रात परतते. ही कथा वरवर वियोगाची वाटली, तरी वस्तुतः ती सक्तीच्या विवाहातून सुटकेची कथा आहे.

फ्रेंच परंपरेत झां दारा ह्याने १३९३ च्या सुमारास लिहिलेल्या मेल्युझीनच्या आख्यानात नायिका दर शनिवारी कमरेखाली सर्परूप होते आणि पतीने त्या दिवशी तिला न पाहण्याची अट घातलेली असते. पती ती मोडतो व तिला गमावतो. पशुरूपी वराच्या कथांचा युरोपीय आदर्श म्हणून आप्युलेयसच्या दुसऱ्या शतकातील लॅटिन ग्रंथामधील क्युपिड व सायकी ह्यांच्या आख्यानाचा निर्देश केला जातो. तेथे पती राक्षसी सर्प असल्याची नुसती शंकाच कथेला गती देते. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आन्टी आर्ने, १९१०, स्टिथ टॉम्प्सन, १९२८ व १९६१, हान्स-यॉर्ग ऊटर, २००४) हरवलेल्या पतीचा शोध हा ४२५ वा व हरवलेल्या पत्नीचा शोध हा ४०० वा कथाप्रकार असून पशुरूपी वर-वधूंच्या बहुसंख्य कथा ह्या दोन प्रकारांत येतात.

‘सौंदर्यवती आणि पशू’ ही कथा मादाम द व्हिलनव्ह हिने १७४० मध्ये विस्ताराने लिहिली. मादाम लप्रँस द बोमाँ हिने १७५६ मध्ये केलेला तिचा संक्षेप जगभर पोहोचला. ह्या संक्षेपात पशू नायिकेस रात्रीच्या भोजनाच्या वेळी वारंवार विवाहाविषयी विचारतो. ती नकार देते आणि तो तो नकार स्वीकारतो. तिला आजारी वडिलांकडे जाण्याची मुभाही तो देतो. ती स्वेच्छेने परत येऊन होकार देते, तेव्हाच त्याचा शाप सुटतो. रूपांतराची किल्ली नायिकेच्या मुक्त होकारात ठेवण्याची ही योजना आधुनिक प्रणयकथेला मिळालेला सर्वांत मौल्यवान वारसा होय.

वृकमानव : भयाकडून प्रणयाकडे : आधुनिक रूपांतरी प्रणयकथेचा सर्वाधिक आवडता नायक म्हणजे वृकमानव अथवा लांडगामाणूस. युरोपीय परंपरेत तो मुख्यतः भयाचा विषय होता. पहिल्या शतकातील पेट्रोनिअसच्या सॅटिरिकॉन ह्या लॅटिन ग्रंथात चांदण्या रात्री लांडगा होणाऱ्या सैनिकाची कथा आहे. सोळाव्या शतकात लांडगा होऊन हत्या केल्याच्या आरोपावरून प्रत्यक्ष खटले चालले. जर्मनीतील बेडबुर्ख येथे १५८९ मध्ये पेटर श्टुंप ह्याला अशाच आरोपावरून क्रूरपणे देहान्त शिक्षा देण्यात आली. बाराव्या शतकातील मारी द फ्रांस हिचे ‘बिस्क्लाव्हरे’ हे कथाकाव्य मात्र ह्याला महत्त्वाचा अपवाद आहे. त्यातील लांडगा होणारा सरदार सभ्य व निष्ठावान असून त्याचे कपडे लपवून त्याला पशुरूपातच अडकविणारी पत्नी विश्वासघातकी ठरते.

विसाव्या शतकात चित्रपटांनी ह्या कल्पनेला नवे रूप दिले. द वुल्फ मॅन (१९४१) ह्या अमेरिकन चित्रपटाने दंशाने होणारे संक्रमण, चांदीचा घातक प्रभाव आणि नायकाची असहायता हे संकेत लोकप्रिय केले. झाक तूर्नर दिग्दर्शित कॅट पीपल (१९४२) ह्या चित्रपटातील नवविवाहितेला, प्रणयाच्या आवेगात आपण हिंस्र मार्जारपशू होऊ, अशी भीती वाटत असते. त्यामुळे तिचा विवाह असफल ठरतो. येथे रूपांतर व कामभावना ह्यांचा संबंध स्पष्ट झाला, तथापि त्याचे पर्यवसान शोकान्तच राहिले. हे पारडे फिरविण्याचे श्रेय बव्हंशी स्त्री लेखकांना द्यावे लागेल. रॉबिन मॅकिन्ली हिची ब्यूटी (१९७८) ही कादंबरी आणि अँजेला कार्टर हिचा द ब्लडी चेंबर (१९७९) हा कथासंग्रह ह्यांत जुन्या कथांची फेरमांडणी आढळते. कार्टरच्या ‘द टायगर्स ब्राइड’ ह्या कथेत वाघ माणूस होत नाही, तर नायिकाच वाघीण होते. पशुत्व हा शाप नसून मुक्तीही असू शकते, हा विचार येथून पुढे बळावला.

आधुनिक प्रकाराचा उदय : सूझन क्रिनार्ड हिची प्रिन्स ऑफ वुल्व्ह्‌ज (१९९४) ही कादंबरी वृकमानवास प्रणयनायक करणाऱ्या आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक होय. आईवडिलांच्या विमान-अपघाताचे स्थळ शोधीत कॅनडातील रॉकी पर्वतात आलेली नायिका आणि तेथील एकांतप्रिय लांडगामाणूस ही तिची मांडणी पुढे पुष्कळ कथांत दिसते. क्रिस्टीन फीहन हिच्या डार्क प्रिन्स (१९९९) पासून सुरू झालेल्या मालिकेत ‘जन्मजोडीदार’ ही कल्पना केंद्रस्थानी आली. त्या मालिकेतील पुरुषांना विशिष्ट स्त्री भेटेपर्यंत रंग दिसत नाहीत व भावनाही जाणवत नाहीत, असे कल्पिले आहे. केली आर्मस्ट्राँग हिच्या बिटन (२००१) ह्या कादंबरीत प्रियकराने संमतीवाचून केलेल्या दंशामुळे वृकस्त्री झालेल्या नायिकेचा दीर्घ रोष हा कथेचा गाभा आहे. फिजीमध्ये जन्मलेल्या व न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या नलिनी सिंग हिने स्लेव्ह टू सेन्सेशन (२००६) पासून सुरू केलेल्या मालिकेत बिबटे व लांडगे होणाऱ्या जमातींचे भावसमृद्ध जीवन आणि भावना दडपणारा दुसरा मानववंश ह्यांच्यातील संघर्ष रंगविला आहे. स्टेफनी मायर हिच्या ट्वायलाइट (२००५) व तिच्या पुढील भागांनी हा विषय किशोरवयीन वाचकांपर्यंत नेला.

लघुकादंबरी व प्रकाशनव्यवहार : अमेरिकेतील विज्ञानकथा व अद्भुतकथा ह्यांच्या पुरस्कारांच्या नियमांनुसार १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या कथेस लघुकादंबरी म्हणतात. मुद्रित पुस्तकांच्या बाजारात एवढ्या लांबीच्या कथेला स्वतंत्र स्थान मिळणे कठीण असे. त्यामुळे ती बहुधा तीनचार लेखकांच्या संयुक्त संग्रहांतून प्रसिद्ध होई. पॅट्रिशिया ब्रिग्ज हिची ‘अल्फा अँड ओमेगा’ ही लघुकादंबरी २००७ मध्ये अशाच एका संग्रहात आली व पुढे तिच्यातून कादंबऱ्यांची मालिका निर्माण झाली.

ही परिस्थिती इलेक्ट्रॉनिक पुस्तकांनी पालटली. २००० मध्ये अमेरिकेतील ओहायओ राज्यात सुरू झालेल्या व २०१६ च्या अखेरीस बंद पडलेल्या ‘एलोराज केव्ह’ ह्या संस्थेने शृंगारिक प्रणयकथा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात विकून एक वाचकवर्ग तयार केला. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले व त्याबरोबर स्वयंप्रकाशनाची सोयही उपलब्ध करून दिली. छपाई, कागद व साठवण ह्यांचा खर्च उरला नाही. त्यामुळे शंभर पृष्ठांची कथाही अल्प किमतीत स्वतंत्रपणे विकता येऊ लागली. जुलै २०१४ मध्ये ह्या कंपनीने मासिक वर्गणीत हवी तेवढी पुस्तके वाचण्याची योजना काढली. तीत पुस्तकाचा दहा टक्के भाग वाचला गेला की, त्याची लांबी न पाहता लेखकास ठरावीक वाटा मिळे. साहजिकच छोट्या कथा लिहिणे लाभदायक झाले. जुलै २०१५ पासून प्रत्यक्ष वाचलेल्या पृष्ठांनुसार मोबदला दिला जाऊ लागला आणि दीर्घ कादंबऱ्यांकडे कल वळला. तरीही मालिकेतील सुटी लघुकादंबरी टिकून राहिली. एका बैठकीत वाचून होणारी, ओळखीच्या संकेतांवर चालणारी आणि पुढील भागाची ओढ लावणारी कथा नियमित वाचकांस सोयीची वाटते. एखाद्या साहित्यप्रकाराची लांबी कलात्मक गरजेइतकीच मोबदल्याच्या पद्धतीनेही कशी ठरते, हे येथे स्पष्ट दिसते.

रचना व संकेत : अशा लघुकादंबरीची रचना बरीच ठरीव असते. नायिका बहुधा शहरातून डोंगराळ भागातील लहान गावी येते. नोकरी, वारसाहक्काचे घर किंवा एखाद्या संकटापासून पलायन हे निमित्त असते. तेथील नायक लांडगा, अस्वल, सिंह, बिबट्या किंवा काल्पनिक ड्रॅगन असतो. लांडग्याच्या कथेत कळप व त्यातील प्रतिष्ठेची उतरंड, अस्वलाच्या कथेत एकांत व घरगुती ऊब, तर ड्रॅगनच्या कथेत धनसंचय व त्याचे रक्षण ह्यांना महत्त्व येते. नायकाच्या अंतरातील पशू स्वतंत्र आवाजात बोलतो आणि माणूस ज्याची कबुली देण्यास कचरतो, ते तो आधीच जाणतो. पहिल्या भेटीत गंधावरून जोडीदाराची ओळख पटणे, रूपांतराचे रहस्य नायिकेपुढे उघड होणे, प्रतिस्पर्धी कळपाचा वा शिकाऱ्याचा हल्ला, मीलनाची खूण म्हणून मानेवरील दंश आणि अखेरीस नायिकेचा कळपात स्वीकार हे टप्पे क्रमाने येतात. शेवटी पुष्कळदा अपत्यजन्माचा छोटा उपसंहार जोडलेला असतो. नायकाचा भाऊ, बहीण वा मित्र हा मालिकेतील पुढील कथेचा नायक वा नायिका होतो. पॅमेला रेजिस हिने अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल (२००३) ह्या ग्रंथात प्रणयकादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत. त्यांपैकी ‘अडथळा’ हा घटक येथे नायकाच्या देहातच वसलेला असतो, हे ह्या प्रकाराचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

विधिलिखित जोडीदार व संमती : प्रत्येक रूपांतरी व्यक्तीसाठी एकच जोडीदार नियतीने ठरविलेला असतो, ही कल्पना ह्या कथांचा आधारस्तंभ आहे. तिचे आकर्षण उघड आहे. नायक एकनिष्ठ राहील की नाही, ही शंका तिने मुळातच नाहीशी होते. त्याचे प्रेम त्याच्या स्वभावाचाच नव्हे, तर देहधर्माचाही भाग ठरते. जॅनिस रॅडवे हिने रीडिंग द रोमान्स (१९८४) ह्या अभ्यासात प्रणयकादंबऱ्यांच्या नियमित स्त्री वाचकांशी प्रत्यक्ष बोलून त्यांच्या वाचनाचा अर्थ लावला. संसारात इतरांची काळजी वाहणाऱ्या स्त्रीला स्वतःसाठी काढलेला वेळ आणि स्वतःची काळजी वाहणारा नायक ह्या दोन्ही गोष्टी वाचनातून मिळतात, असे तिला आढळले. रॅडवेचा अभ्यास रूपांतरी प्रणयकथेच्या उदयापूर्वीचा असला, तरी तिचा हा निष्कर्ष विधिलिखित जोडीदाराच्या कल्पनेस चांगला लागू पडतो.

परंतु ह्या हमीची किंमत नायिकेच्या निर्णयस्वातंत्र्यातून वसूल होण्याचा धोका असतो. फीहनच्या डार्क प्रिन्समध्ये पुरुषाने विशिष्ट मंत्रशब्द उच्चारताच स्त्री त्याच्याशी बांधली जाते. तिचा होकार त्यासाठी आवश्यक नसतो. मायरच्या ब्रेकिंग डॉन (२००८) मध्ये जेकब हा लांडगा होणारा तरुण एका नवजात बालिकेशी अशाच अटळ बंधनाने जोडला जातो. ह्या प्रसंगावर बरीच टीका झाली. नियतीने मुलीच्या वतीने आधीच निर्णय घेतला असेल, तर तिने मोठेपणी दिलेला होकार कितपत खरा मानावा, असा आक्षेप घेण्यात आला. पाठलाग, मत्सर व सक्ती ह्या गोष्टी पशुस्वभावाच्या नावाखाली क्षम्य ठरविल्या जातात, ही टीकाही नित्य केली जाते.

ह्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न ह्या प्रकारातील लेखिकांनीच केला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. चांगल्या लघुकादंबऱ्यांत बंधनाची जाणीव फक्त नायकाला होते आणि मानवी नायिकेला ती होत नाही. त्यामुळे नायकाला थांबावे लागते, तिला सत्य सांगावे लागते आणि नकार सोसण्याची तयारी ठेवावी लागते. ब्रिग्जच्या ‘अल्फा अँड ओमेगा’मधील ॲना हिला इच्छेविरुद्ध वृकस्त्री केलेले असते आणि कळपात तिचा छळ झालेला असतो. चार्ल्स हा नायक तिला जिंकत नाही. तिच्या मनात सुरक्षिततेची भावना निर्माण करणे हे त्याचे काम ठरते. २०२० च्या सुमारास भ्रमणध्वनीवरील वाचनमंचांवर ‘नाकारलेला जोडीदार’ ह्या उपप्रकाराच्या कथा मोठ्या संख्येने दिसू लागल्या. त्यांत विधिलिखित बंधन तोडले जाते आणि अपमानित नायिका स्वतःच्या बळावर उभी राहून दुसरा जोडीदार निवडते. नियतीच्या कल्पनेवर उभारलेला हा प्रकार अशा रीतीने निवडीच्या प्रश्नाकडे पुनःपुन्हा वळताना दिसतो.

प्राणिशास्त्र व मिथक : कळपाचा प्रमुख म्हणजे ‘अल्फा’ आणि लढून मिळविलेले त्याचे वर्चस्व, ही ह्या कथांतील सर्वांत रूढ कल्पना प्राणिशास्त्रातून आलेली आहे. रूडोल्फ शेंकेल ह्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये वर्चस्वस्पर्धेचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकन वृकतज्ञ डेव्हिड मेक ह्याच्या द वुल्फ (१९७०) ह्या ग्रंथामुळे ही कल्पना सर्वत्र पसरली. पुढे मेकनेच कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्झमीअर बेटावर मुक्त लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. नैसर्गिक कळप हे आईवडील व त्यांची पिले ह्यांचे कुटुंब असते आणि त्यातील ‘अल्फा’ म्हणजे केवळ जन्मदाते होत, असे त्याने १९९९ मध्ये दाखवून दिले. अनोळखी प्राणी एकत्र कोंडल्यामुळे दिसलेले वर्तन नैसर्गिक समजले गेले होते. आपला जुना ग्रंथ पुन्हा छापू नये, असा आग्रहही त्याने प्रकाशकाकडे धरला. शास्त्राने टाकून दिलेली ही कल्पना कथांत मात्र जिवंत राहिली आहे. लांडग्यांची जोडी सामान्यतः दीर्घकाळ टिकते हे खरे. तथापि एक जोडीदार मेल्यास दुसरा नवा जोडीदार स्वीकारतो. आजीवन एकनिष्ठतेचे मिथक हे लांडग्याच्या वर्तनापेक्षा माणसाच्या आकांक्षेचेच दर्शन घडविते. चाहत्यांच्या हौशी लेखनातून २०१० च्या सुमारास उगम पावलेल्या ‘ओमेगाव्हर्स’ ह्या कल्पित विश्वात अल्फा, बीटा व ओमेगा अशी उतरंड सर्व मानवसमाजालाच लावण्यात आली आहे.

जनजातींच्या परंपरांचा वापर : अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या परंपरांचा ह्या कथांतील वापर हा आणखी एक वादाचा विषय आहे. ट्वायलाइट मालिकेतील लांडगे होणारे तरुण हे वॉशिंग्टन राज्यातील ला पुश येथील क्विलियूट ह्या प्रत्यक्षातील जनजातीचे दाखविले आहेत. ह्या जनजातीच्या उत्पत्तिकथेत तिचे पूर्वज लांडग्यांपासून माणसांत पालटले गेले, असे सांगितले जाते. रक्तपिपासू पिशाचांशी वैर व जोडीदाराचे अटळ बंधन ह्या गोष्टी मात्र कादंबरीकर्त्रीच्या कल्पनेतील आहेत. लोकांचे नाव व कथा वापरून मिळालेल्या अमाप उत्पन्नात त्या जनजातीला वाटा नव्हता, ह्यावर टीका झाली. सीॲटल येथील बर्क संग्रहालयाने क्विलियूट लोकांच्या सहकार्याने कादंबरीतील चित्र व वास्तव ह्यांतील भेद दाखविणारा उपक्रम राबविला.

भारतीय व मराठी संदर्भ : भारतात रूपांतरी जोडीदार मुख्यतः नागाच्या रूपाने लोकप्रिय झाला. नागिन (१९७६) ह्या हिंदी चित्रपटात जोडीदाराच्या हत्येचा सूड, तर नगीना (१९८६) मध्ये मानवी पतीचे रक्षण करणारी इच्छाधारी नागीण दाखविली आहे. २०१५ पासून दूरचित्रवाणीवरील नागिन ह्या मालिकेने ही परंपरा पुढे चालविली. साहित्यिक दृष्ट्या अधिक महत्त्वाची कामगिरी गिरीश कार्नाड (१९३८–२०१९) ह्यांच्या कन्नड नाटकांची आहे. नागमंडल (१९८८) मध्ये उपेक्षित राणीकडे नाग तिच्या पतीचे रूप घेऊन येतो. तिला प्रेम लाभते, परंतु ते कोणाकडून लाभले हे तिला माहीत नसते. अज्ञानातील होकाराला होकार म्हणता येईल काय, हा प्रश्न तेथे तीव्रपणे पुढे येतो. हयवदन (१९७१) मधील उपकथेत राजकन्या घोड्याला वरते. तो शापमुक्त होऊन गंधर्व झाल्यावर मात्र ती त्याच्याबरोबर जाण्यास नकार देते, कारण तिला घोडाच हवा असतो. ‘सौंदर्यवती आणि पशू’ ह्या कथेचे हे मार्मिक उलटे रूप होय. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या लेखनामुळे अतिमानवी विषयांना मोठा वाचकवर्ग लाभला. तथापि त्यांचा मुख्य रस भय व गूढ हा असून, रूपांतरी प्रणयकथा ही स्वतंत्र शाखा म्हणून मराठी मुद्रित साहित्यात रुजली नाही.

मूल्यमापन : ठरीव रचना, पुनरुक्ती व घाईने केलेले लेखन हे दोष ह्या प्रकारातील बऱ्याच लघुकादंबऱ्यांत आढळतात. वाङ्मयीन समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतलेली नाही. तरीही दुसऱ्या व्यक्तीच्या ठायी असलेले अनोळखी, काहीसे भयावह असे अंग स्वीकारून तिच्यासह जगता येईल का, हा प्रत्येक विवाहातील जुनाच प्रश्न ह्या कथा सोप्या व ठळक प्रतिमांतून मांडतात. सीलचे कातडे लपविणारा कोळी आणि नायिकेच्या उत्तराची वाट पाहणारा पशू ह्या दोन जुन्या प्रतिमा त्यांच्यापुढे आदर्श म्हणून उभ्या आहेत. त्यांपैकी पहिलीकडे झुकणारी कथा ताब्यात घेण्यालाच प्रेम समजते. दुसरीकडे झुकणारी कथा, तिच्यातील लांडगे व अस्वले कितीही काल्पनिक असली तरी, मानवी नात्याविषयी काही खरे सांगून जाते.